बांधापलीकडच्या माश्या

लोणखेडा, ता. शहादे
१७ जानेवारी १९६३

चि. प्रेमचंद,

आशीर्वाद आहेतच, ते काही वाटणीत गेले नाहीत. नऊ वर्षांनी माझं अक्षर पाहून घरात कोणाचं काही झालं की काय असं वाटेल, म्हणून आधीच लिहितो: सगळे धडधाकट आहेत. विचारायचं एकच आहे. तुझ्या शेतात यंदा बडीशेप लावायची, हे तुला सुरतेत बसून सुचलं, की तुझं शेत सांभाळणाऱ्या वीरसिंगने तुझ्या गळी उतरवलं?

कारण सांगतो. कांद्याचं बी धरायला मी दीड एकरात डेंगळे लावले आहेत. त्यांचे पांढरे गेंद आता उमलू लागले. मधमाशी एका गेंदावरून दुसऱ्यावर गेली नाही तर गेंद नुसता वाळतो, आत बी भरत नाही. गावात हे कोणाला पटत नाही. लोक म्हणतात, देवाच्या मनात आलं तर धरेल. मी चौथी शिकलेला माणूस, पण शहाद्याच्या वाचनालयातलं माश्यांवरचं इंग्रजी पुस्तक शब्दकोश शेजारी ठेवून दोनदा वाचलं. त्यातली छपाईची एक चूक पेन्सिलीने दुरुस्त करून ठेवली. मग डोंगरातून सातेरी माश्या आणल्या आणि सहा पेट्या बसवल्या.

त्या माश्या तुझ्या बडीशेपेवर जातात. अंदाजाने सांगत नाही. गेरू डिंकात कालवून चाळीस माश्यांच्या पाठीवर बारीक ठिपका दिला. दुसऱ्या दिवशी दहा ते अकरा या एका तासात ठिपक्याच्या चार माश्या माझ्या डेंगळ्यांवर दिसल्या, एकोणीस तुझ्याकडे. (बांधावरून नीट दिसतं.)

सकाळचा वारा तुझ्या बाजूने माझ्याकडे येतो. बडीशेपेचा वास माझ्या पेट्यांच्या दारात येऊन उभा राहतो. माशी आधी वासाने वळते, जवळ आल्यावर रंग पाहते. कांद्याच्या फुलाचा वास तिला मुळात फारसा आवडत नाही, त्यात शेजारी बडीशेप म्हणजे भाकरीशेजारी पुरणपोळी. हे वीरसिंगला कळत नसेल असं मला वाटत नाही. त्याच्या बापाने डोंगरात जन्मभर मोहोळं काढली. आठ वर्षं तो आणि त्याची बायको नानीबाई तुझ्या शेतात खोपी करून राहतात, आणि आठ वर्षांत बडीशेप यंदाच कशी सुचली?

उत्तर दे. कार्डावर दिलंस तरी चालेल. पोस्टमन वाचतो, त्याला वाचू दे.

रतिलाल


३० जानेवारी १९६३

चि. प्रेमचंद,

कार्ड मिळालं. बडीशेपेचं बी सुरतेच्या एका मित्राने दिलं, वीरसिंगचा त्यात हात नाही, असं लिहितोस. बरं. मित्राचं नाव लिहिलं नाहीस.

गुडघ्यांचं विचारलंस. गुडघे ठणठणीत आहेत.

मी गप्प बसलो नाही. साखरेचा पाक केला, पूर्ण गार होऊ दिला (गरम पाकात फूल टाकलं की वास मरतो), उमललेले गेंद दोन तास त्यात बुडवून ठेवले, पाक गाळला आणि पहाटे पेट्यांमध्ये ठेवला. माशी घरात जे खाते त्याचाच वास बाहेर शोधते, आणि बाहेरून आलेली माशी अंगावर जो वास घेऊन येते त्यावरून घरातल्या बाकीच्यांना कळतं कुठे जायचं. हे पुस्तकात आहे, पण गावात करून पाहणारा मी पहिला. पाचव्या दिवशी डेंगळ्यांवर सव्वीस ठिपके, तुझ्याकडे नऊ. तुझ्या वहिनीला, वत्सलाला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, "माश्यासले शाळामा घालं वाटतं तुम्ही." म्हणू दे.

डाव माझ्या हातात आला होता. आणि काल पेटी नंबर तीन उठली.

तुला माहीत नसेल म्हणून सांगतो. या दिवसांत पेटीत गर्दी झाली की जुनी राणी अर्ध्या माश्या घेऊन बाहेर पडते, जवळच्या झाडावर थवा करून लटकते, आणि तासा-दोन तासांत कायमची जागा शोधून निघून जाते. तेवढ्या वेळात पकडली तर परत पेटीत येते. यात नवल नाही. नवल पुढे आहे. माझ्या बाजूला चिंच आहे, आंबा आहे, अकरा बाभळी आहेत. त्या सगळ्या सोडून थवा बांध ओलांडून तुझ्या निंबावर गेला, खालच्या बेचक्यात.

मी पोचलो तेव्हा दहा वाजून दहा मिनिटं झाली होती. निंबाखाली वीरसिंग कमरेवर हात ठेवून वर पाहत उभा. मला पाहून हसला. म्हणाला, "मोठाभाऊ, पाहुणे आले बघ." (डोंगरात 'तुम्ही' नसतं, त्याचा राग मी धरत नाही.) मला हसू आलं नाही.

थवा टोपलीत उतरवून परत नेला. मग येऊन बेचकं हुंगून पाहिलं, वरून आणि खालून. डोंगरातले लोक रिकाम्या मडक्याला आतून काहीबाही चोळून माश्या बसवतात हे मी ऐकून आहे. पण निंबाच्या सालीखेरीज कसलाही वास नव्हता. माझं नाक चांगलं आहे. दूध नासायला लागलं की मी दारातून सांगतो. याचा अर्थ एवढाच, की जे लावलं ते मी पोचायच्या आत पुसलं गेलं.

पौषापासून रोज साडेसहा ते नऊ पाळत ठेवून होतोच, आता दहापर्यंत ठेवीन. माझ्याच बांधावरून.

रतिलाल


११ फेब्रुवारी १९६३

प्रेमचंद,

परवा पावणेअकराला पेटी नंबर पाच उठली. निंब तोच. बेचकं तेच, वीतभर इकडे नाही की तिकडे नाही. एकदा घडलं तर योगायोग. दोनदा घडलं तर माणूस.

काल सरकी काढायच्या जिनच्या फाटकासमोर कापसाच्या गाड्यांची रांग होती. तुझी गाडी घेऊन वीरसिंग सहावा, मी नववा. मी उतरलो, त्याच्या बैलांपुढे जाऊन उभा राहिलो आणि सरळ विचारलं, "माझ्या माश्या कशा पळवतोस?"

तो म्हणाला, "मी नाही बोलावल्या, मोठाभाऊ. वासानं आल्या."

"कशाच्या वासानं?"

नानीबाई गाडीत कापसावर बसली होती, ती त्याच्या बोलीत काहीतरी म्हणाली. त्याने मान हलवून तिला गप्प केलं, आणि खाली वाकून बैलाच्या गळ्यातली जोती उगाचच सैल करून पुन्हा आवळू लागला. प्रेमचंद, ही कबुली नाही तर काय? बेचक्याला वास आहे हे मी कोणाजवळ बोललो नव्हतो. त्याला कसं ठाऊक?

मागून गाडीवाला नवल ओरडला, "रतिलालभाऊ, त्यानी माशीसले दावं बांधीसन नेलं का ढोरंसंगे हाकी नेलं?" सगळी रांग हसली. मला ते हसणं सहन झालं नाही. मी वीरसिंगला चोर म्हटलं. एकदा नाही, तीनदा. तिसऱ्यांदा कोणी हसलं नाही. रांगेत एकतीस गाड्या होत्या आणि एकतीस जणांनी ऐकलं. ऐकायलाच हवं होतं.

त्याने उलट उत्तर दिलं नाही. खऱ्या माणसाने दिलं असतं.

आता मुद्द्याचं. वाटणीच्या वेळी तू मला म्हणाला होतास, "दादा, तुला माणसापेक्षा मोजपट्टी खरी वाटते." ते मी विसरलेलो नाही, आणि या वेळी मोजपट्टी घेऊनच बोलतो आहे. दोन थवे, एक झाड, एक माणूस. होळीच्या आत वीरसिंगला शेतातून काढ. काढला नाहीस तर मी समजेन की वास त्याचा आणि हात तुझा आहे.

रतिलाल


२४ फेब्रुवारी १९६३

प्रेमचंद,

तू माझं ऐकलंस. नऊ वर्षांत पहिल्यांदा. तुझं पत्र शाळेच्या मास्तरांनी वीरसिंगला वाचून दाखवलं आणि १९ तारखेला तो गेला. नानीबाईने कोंबड्या टोपलीत घातल्या, जातं डोक्यावर घेतलं. खोपीच्या दाराला त्याने बाभळीची काटेरी फांदी लावली, गुरं आत शिरू नयेत म्हणून. जाणारा माणूस कशाला लावेल, हे मला कळलं नाही. बडीशेप अर्धी उभी आहे. मी बांधावर होतो. दोघांपैकी कोणी माझ्याकडे पाहिलं नाही.

मी समाधानी आहे, असं लिहून पत्र टाकणार होतो. पण आज पेटी नंबर एक उठली. साडेदहा. तुझा निंब. तेच बेचकं.

वीरसिंगला जाऊन पाच दिवस झाले. मग आता कोण? तू स्वतः येऊन गेलास का? खरं सांग. तळोद्याला तुझा साडू आहे, तिथे उतरून रातोरात येऊन जाणं अवघड नाही. पोस्टमनला विचारलं, तो म्हणाला सुरतेचा माणूस दिसला नाही. पण तो तुझ्या कार्डांवर फार खुशीत असतो. वत्सलालाही विचारलं, कारण ती तुझी बाजू घेते हे मला पहिल्यापासून माहीत आहे. ती ताटावरून उठून गेली.

उद्यापासून पाळत दुपारपर्यंत. भाकरी शेतावरच मागवली आहे.

रतिलाल


५ मार्च १९६३

चि. प्रेमचंद,

हे पत्र चारदा लिहून फाडलं. पाचव्यांदा फाडणार नाही. घडलं ते क्रमाने लिहितो. मध्ये थांबू नकोस.

परवा वत्सला भाकरी घेऊन आली. मी होतो तिथे आली, आणि मी होतो तो बांध नव्हता. मी तुला खोटं लिहिलं. पौषापासून रोज सकाळी मी तुझ्या निंबाखाली बसत होतो, बांधाच्या आत सात हात, तुझ्या जमिनीत, खोडाला पाठ लावून. तिथून वीरसिंगची खोपी, तुझी बडीशेप आणि माझ्या पेट्या एकदम दिसतात. उन्हं वर आली की घोंगडी काढून डोक्यावरच्या त्याच बेचक्यात टाकायचो, घरी जाताना न्यायचो.

वत्सलाने भाकरी ठेवली, नाकाला पदर लावला आणि म्हणाली, "अवं, आठे तर झाडलेभी तुमनाच वास ई ऱ्हायना!"

मी विचारलं कसला. ती म्हणाली, "रोशाना तेलना. कसाना म्हंजे?"

गुडघे ठणठणीत आहेत हेही खोटं होतं. दिवाळीपासून मला खाली बसलं की उठवत नाही. रोज पहाटे रोशा गवताचं तेल चोळतो, फडकं गुंडाळतो आणि वर घोंगडी घेतो. घोंगडी इतकी मुरली आहे की वत्सलाने तिला घराबाहेर खुंटी दिली. मला मात्र वास येत नव्हता. तीन महिने चोवीस तास एकच वास नाकात असला की नाक त्याची नोंद घेणं सोडून देतं. दूध दारातून ओळखणारं माझं नाक त्या बेचक्यात पालथं घातलं, आणि त्याने मला सांगितलं, काही नाही.

तरी मी लगेच मानलं नाही. वत्सला तुझ्या बाजूची. म्हणून दोन कोऱ्या चिंध्या घेतल्या, एक तेलात बुडवली, एक पाण्यात. पेट्यांपासून सारख्याच अंतरावरच्या दोन बाभळींना बांधल्या. एका तासात पाण्याच्या चिंधीवर तीन माश्या आल्या, तेलाच्या चिंधीवर एक्केचाळीस. दुसऱ्या दिवशी चिंध्यांची झाडं अदलाबदल केली. माश्यांनीही झाडं बदलली.

पुस्तकाच्या १२२ व्या पानावर लिहिलं आहे की वाट चुकलेल्या बहिणींना बोलवायला माशी दारात उभी राहते, पोटाचं टोक वर करते आणि एक गोड वास सोडते. त्या पानावर मी खूण घातली होती. रोशाचं तेल त्याच जातीच्या वासाचं असावं, असा माझा अंदाज आहे. फुलांचा वास माशीला जेवायला बोलावतो. हा वास तिला घरी बोलावतो. मी रोज तुझ्या झाडाला तो चोळत होतो आणि समोर बसून कोण चोळतो याची पाळत ठेवत होतो.

आणखी एक राहिलं. ते आता लिहिलं नाही तर कधीच लिहिलं जाणार नाही. तेलाची बाटली मला वीरसिंगनेच आणून दिली होती, दिवाळीत. त्याचे सोयरे तळोद्याच्या वर रोशाच्या भट्टीवर कामाला आहेत. मी लंगडताना त्याला दिसलो असेन. म्हणाला, "मोठाभाऊ, सकाळी चोळ, उतार पडेल." मी बाटली घेतली आणि बरं म्हटलं, एवढंच.

म्हणजे जिनच्या फाटकावर तो 'वासानं आल्या' म्हणाला तेव्हा त्याला माहीत होतं कोणाच्या. नानीबाई सांगायला निघाली होती. त्याने तिला गप्प केलं.

तू त्याला परत बोलाव असं लिहिणं सोपं आहे. पण चोर मी म्हटलं. आधी मी जातो.

रतिलाल


३० मार्च १९६३

चि. प्रेमचंद,

तुझं पत्र वीरसिंगला पोचलं. तो परवा परत आला. मधलं तुला कोणी सांगायच्या आत मीच सांगतो.

होळी झाल्यावर गेलो. होळीच्या दिवसांत डोंगरात कोणी कोणाचं ऐकत नाही असं जीपवाला म्हणाला. जीप जिथवर जाते तिथून पुढे दीड तास चढ होता, मला पावणेतीन तास लागले. तेल लावलं नव्हतं. वीरसिंग सासऱ्याच्या अंगणात नांगराचा दांडा तासत होता. त्याने खाट टाकली, पाणी दिलं, आणि तासत राहिला. मी सगळं सांगितलं. चिंध्या, आकडे, पानाचा नंबर. त्याचा मेव्हणा उदेसिंग शाळा शिकलेला आहे, वीरसिंग अडेल तिथे तो त्यांच्या बोलीत करून सांगत होता.

संपल्यावर मी विचारलं, "माझाच वास आहे हे तू तेव्हाच का नाही बोललास?"

तो म्हणाला, "एवढ्या लोकांत म्हाताऱ्या माणसाला तुझा वास येतो म्हणू?" मी एकोणपन्नासचा आहे, पण ते त्याला सांगितलं नाही.

मी म्हटलं, माझं चुकलं. तो म्हणाला, "इथं मला कोणी चोर म्हणत नाही, मोठाभाऊ. इथं सांगून काय? जिथं म्हटलं तिथं सांग."

जिन बंद व्हायला आठवडा उरला होता. २१ तारखेला गेलो. वीरसिंग फाटकाच्या पलीकडे उभा होता, नानीबाई त्याच्या पुढे. रांगेत गाड्या फक्त अकरा. मी एका गाडीच्या जुवावर चढलो. उतरता येईल की नाही याची खात्री नव्हती. भाषण पाठ केलं होतं, तसं सुरू केलं. माशी वासाने कशी वळते, रोशाचं तेल कोणत्या जातीचं, माणसाचं नाक सवयीने कसं बधिर होतं. तिसऱ्या वाक्याला नानीबाई ओरडली, "वासाचं राहू दे! माणसाचं सांग!"

पाठ केलेलं सगळं गेलं. मी म्हटलं, "वीरसिंग चोर नाही. त्याने मला औषध दिलं आणि मी त्याला चोर म्हटलं." तीनदा म्हटलं होतं म्हणून तीनदा सांगितलं.

मग नवल म्हणाला, "म्हंजे भाऊ, माश्या तुमना मांगे लागेल व्हत्या, आनि तुम्ही त्याना मांगे!" कोणी हसण्याची हिंमत केली नाही. वीरसिंग एकटाच हसला. त्यानेच हात देऊन मला जुवावरून उतरवलं.

पण अकरा म्हणजे एकतीस नव्हेत. त्या दिवशीच्या रांगेतली नावं माझ्याकडे क्रमाने होती. साक्षीदार लागतील म्हणून मीच उतरवून ठेवली होती. आलेल्यांतले सात त्या यादीतले निघाले. उरलेल्या चोवीसांपैकी एक वीरसिंग आणि एक मी. बावीस घरी गेलो. धानोऱ्याला सोयऱ्यांकडे गेलेल्या एकालाही तिथे जाऊन गाठलं. त्याला आधीचं काही आठवतच नव्हतं. म्हणाला, "कोन वीरसिंग?" आधी चोर म्हटल्याचं सांगावं लागलं, मग नसल्याचं. सगळ्यांत जड तेच गेलं.

वीरसिंगची एक अट आहे. शेत तुझं, पण तो तिथे असताना बांधाच्या आत मी विचारल्याशिवाय पाय टाकायचा नाही. मी मान्य केली.

आज सकाळी पेटी नंबर दोन उठली. उन्हाळा तोंडावर आल्यावर कोणी उठत नाही, पण उठली. थवा गेला तो तुझ्याच निंबावर. आधीच्या थव्यांचा वास सालीत मुरलेला असेल. टोपली घेऊन मी बांधापर्यंत धावलो, म्हणजे मला धावता येतं तेवढं, आणि थांबलो. माझी सगळ्यांत जुनी राणी त्या थव्यात होती. वीरसिंग खोपीच्या सावलीत बसला होता.

मी हाक मारली, "वीरसिंग, आत येऊ का?"

तो म्हणाला, "थांब मोठाभाऊ, भाकर खातोय."

मनात पहिलं आलं ते तुला सांगून टाकतो: हा मुद्दाम सावकाश खातोय. कदाचित खातही असेल. मी उभा राहिलो. बेचक्यातला काळा गोळा सैल व्हायला लागला, कडेच्या माश्या सुटून गोल फिरू लागल्या. मला कळत होतं ते काय आहे. मी दुसऱ्यांदा हाक मारली नाही. थवा एकदम मोकळा झाला, निंबावरून उठला, बडीशेपेच्या वाळक्या ताटांवरून गेला आणि उत्तरेला, डोंगराच्या दिशेने दिसेनासा झाला.

वीरसिंगने हात धुतले, धोतराला पुसले आणि बांधाशी आला. वर पाहिलं. "गेल्या," म्हणाला.

"गेल्या."

"ये आता आत."

मी रिकामी टोपली बांधावर ठेवली आणि गेलो.

रतिलाल